खुर्ची मिळाली, पण लघवीचं काय?

३ डिसेंबर जवळ आला. जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि आपल्याकडं तो साहित्य वाटपाचा दिवस झाला. मांडव, हार, प्रमुख पाहुणे, व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, कुबड्या आणि फोटो. इचलकरंजीत आणि आजूबाजूच्या गावांत असे कार्यक्रम मी वीसेक वर्षं कव्हर करतोय. वाटप चांगलंच आहे, त्यावर टीका नाही. पण एक गोष्ट कायम दिसते. खुर्ची मिळालेला माणूस महिन्याभरानं भेटायला जावं तर घरातच असतो. खुर्ची दाराशी, तिच्यावर कपडे वाळत घातलेले. बाहेर का पडत नाही म्हणून विचारलं की रस्ता खराब, उंबरा उंच, अशी दोन-तीन कारणं सांगतात. चहा होतो, घरातली माणसं इकडं-तिकडं जातात, आणि मग हळू आवाजात खरं कारण येतं. "बाहेर गेल्यावर लघवीचं काय करायचं?"

आज त्यावरच लिहितोय. नाक मुरडू नका, मंडळी. शाळेत आपण करंगळी दाखवायचो, मोठं झाल्यावर "बाथरूमला जाऊन येतो" म्हणायला लागलो. हा विषय झाकायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. पण ज्याला उठून जाताच येत नाही त्याच्या आयुष्यात हाच विषय सगळ्यात मोठा असतो. आणि याचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. पाय गेलेल्या माणसाला जग परत मिळालं ते आधी लघवीची सोय लागल्यामुळं. खुर्चीचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

पुरावा म्हणून दोन तारखा बघा. घडी घालून गाडीत ठेवता येणारी व्हीलचेअर अमेरिकेत १९३३ च्या सुमारास आली. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक इंजिनिअर स्वतः खाणीतल्या अपघातात अधू झाले होते. त्यांनी हॅरी जेनिंग्ज या मित्राबरोबर ती बनवली. आज आपल्याकडं वाटपात मिळते तीही त्याच धर्तीची, खाली फुलीसारखे दांडे असलेली. म्हणजे खुर्ची तयार होती. पण मणक्याला जबर मार बसलेली बहुतेक माणसं त्या खुर्चीत बसण्याइतकी जगतच नव्हती. पहिल्या महायुद्धात असे जे सैनिक जखमी झाले त्यातले सुमारे ८० टक्के वाचले नाहीत. ते नुसत्या गोळीनं मेले नाहीत. पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीतून झालेला संसर्ग, ही दोन मोठी कारणं होती.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. मूत्राशय म्हणजे एक स्नायूंची पिशवी. साधारण दीडशे-दोनशे मिली भरली की आपल्याला जाणीव होते, चारशे-पाचशेला बसवत नाही. ही जाणीव वर मेंदूपर्यंत जाते आणि "आता सोड" हा हुकूम खाली येतो तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून. तो तुटला किंवा चेपला की पायाबरोबर हा निरोपही बंद होतो. मग काहींची लघवी सारखी गळते. काहींची तुंबते. बऱ्याच जणांची दोन्ही होतात, म्हणजे पिशवी भरलेलीच राहते आणि वरून सांडते तेवढीच बाहेर येते. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, दाब उलटा किडनीकडं जातो. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो आणि आत किडनी खराब होत असते. आपल्याकडं अपघातात, विहिरीत किंवा झाडावरून पडून, स्लॅबवरून घसरून मणका मोडलेली माणसं गावोगावी आहेत. पक्षाघाताची आहेत, मधुमेह जुना झालेली आहेत, नुसती म्हातारी झालेलीही आहेत. हा प्रश्न कमी-जास्त प्रमाणात या सगळ्यांचा आहे.

लघवी तुंबली तर नळीनं काढायची, ही कल्पना फार जुनी. सुश्रुत संहितेत पोकळ नळीसारख्या यंत्रांचा, म्हणजे नाडीयंत्रांचा, एक अख्खा गट आहे. मूत्रमार्गाचं तोंड आवळलं असेल तर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्हीकडून उघडी नळी तूप लावून सरकवायची आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड घालायची, असा उपाय तिथं सांगितलाय. इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात काशाच्या वळणदार नळ्या सापडल्या. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं १७५२ मध्ये आपल्या आजारी भावासाठी चांदीची, वाकेल अशी नळी सोनाराकडून घडवून घेतली होती. भावाचं दुखणं बघवेना म्हणून घरातल्या माणसानं डोकं चालवलं. या विषयातले बरेच शोध असेच लागलेत.

धातूची नळी टोचायची. एकोणिसाव्या शतकात रबर पक्कं करायची रीत सापडली आणि १८६० च्या आसपास फ्रान्समधल्या ऑग्यूस्त नेलाटन या सर्जननं मऊ रबराची नळी वापरात आणली. आजही मेडिकलमध्ये साधी सरळ नळी 'नेलाटन' नावानं मिळते. नळीवर १४, १६ असे जे नंबर असतात तेही फ्रेंचच. तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर. १६ नंबरची नळी साधारण सव्वापाच मिलिमीटर जाड.

पण ही नळी आत टिकायची नाही, चिकटपट्टीनं बांधून ठेवावी लागायची. १९३० च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक फोली यांनी नळीच्या टोकाला एक छोटा फुगा दिला. नळी आत गेली की बाहेरून पाणी भरायचं, फुगा फुगतो, नळी निसटत नाही. हीच ती 'फोलीज कॅथेटर'. आज ऑपरेशन झालेल्या बऱ्याच पेशंटच्या कॉटला लटकणारी पिशवी हिलाच जोडलेली असते. सोय मोठी झाली. पण कायमची आत ठेवलेली नळी म्हणजे जंतूंना कायमचा रस्ता, हे दुखणं राहिलंच.

खरा फरक पडला दुसऱ्या महायुद्धात. लुडविग गुटमन हे जर्मनीतले ज्यू डॉक्टर. हिटलरच्या राज्यातून १९३९ मध्ये जीव वाचवून इंग्लंडला आले. तिथल्या सरकारनं १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल इथं मणक्याच्या जखमींसाठी वॉर्ड काढला आणि तो त्यांच्याकडं दिला. गुटमननी दोन गोष्टींचा हट्ट धरला. पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्री सुद्धा. आणि नळी कायम आत ठेवायची नाही, ठराविक वेळानं निर्जंतुक पद्धतीनं घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, काढायची. कुठलं मोठं मशीन नाही, नवं औषध नाही. वॉर्डची शिस्त बदलली आणि माणसं जगायला लागली. जगली तर मग त्यांना नुसतं कॉटवर का ठेवायचं, म्हणून त्यांनी खेळ सुरू केले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथं सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ तिथं आहे.

आता आपल्या भागात या. पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात अधू झालेल्या जवानांना हातात कला देण्यासाठी ही संस्था १९१७ मध्ये मुंबई इलाख्यात सुरू झाली. त्याच खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा झालेले जवान तिथं राहतात, काम करतात, खेळतात.

आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक आणलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, पिक्चर यायला २०२४. पिक्चर गावातल्या बऱ्याच जणांनी बघितला. गुटमनच्या वॉर्डात सुरू झालेली ती स्पर्धा अशी आपल्या वाळवा तालुक्यापर्यंत पोचली होती.

त्याच १९७२ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणखी एक गोष्ट घडली, पण तिच्यावर कुणी पिक्चर काढला नाही. जॅक लॅपिडीस नावाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नळी घालायला निर्जंतुक हातमोजे, नर्स, ट्रे यातलं काही लागत नाही. पेशंटनं साबणानं हात स्वच्छ धुवावेत, स्वच्छ नळी घ्यावी आणि दर काही तासांनी आपली आपण लघवी काढावी. त्यांचं म्हणणं असं, की थोडेसे जंतू आत गेले तर शरीर त्यांना आवरतं. मूत्राशय ताणून ठेवलं, त्याचा रक्तपुरवठा कमी झाला, की मग संसर्ग बळावतो. बऱ्याच डॉक्टरांना हे आधी पटलं नाही. आज जगभर हीच पहिली पसंतीची पद्धत आहे. यातली मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. गुटमननी जीव वाचवला, पण नळी डॉक्टरच्याच हातात होती. लॅपिडीसनी ती पेशंटच्या हातात दिली. आता तो नोकरीला जाऊ शकत होता, कॉलेजला, लग्नाला जाऊ शकत होता.

नोकरीवरून कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक आठवतात. आपल्या जिल्ह्यात 'नसीमादीदी' म्हटलं की पुरतं. सोळाव्या वर्षी पॅराप्लेजिया झाला. त्यांनी पुढं अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र मराठी घरांत पोचलं. अशा संस्थेच्या वसतिगृहात एक गोष्ट शिकायला मिळते. इमारत बांधताना संडास-बाथरूम आधी बघतात, मग बाकीचं. दार रुंद, धरायला दांडा, खुर्ची आत वळेल एवढी जागा. ज्याला रोज त्याची गरज आहे त्यानं नकाशा काढला की तो तसाच निघतो.

आता मुख्य वस्तूकडं येतो, म्हणजे बरोबर घेऊन हिंडता येईल अशा साधनाकडं. ज्यांची लघवी गळते, तुंबत नाही, अशा पुरुषांसाठी बाहेरून लावायची पिशवी आहे. वरून रबराचं किंवा सिलिकॉनचं आवरण, त्याला नळी, नळीला पिशवी. दवाखान्यात याला कंडोम कॅथेटर म्हणतात. नाव ऐकून मेडिकलमध्ये मागायला लोक लाजतात हीही एक अडचणच.

हीच वस्तू अंतराळात गेलेली आहे, हे किती जणांना माहितीये? ५ मे १९६१ ला अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड उडाला. उड्डाण पंधरा मिनिटांचं, म्हणून लघवीची सोयच केली नव्हती. पण उड्डाण लांबत गेलं, तो तासन्‌तास यानात आडवा बांधलेला. शेवटी त्याला सूटमध्येच करावी लागली. मग २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन गेला तेव्हा त्याच्या सूटमध्ये आवरण, नळी आणि पिशवी होती. परत आला तेव्हा त्यात साधारण आठशे मिली जमलं होतं. त्या काळातल्या अंतराळवीरांनीच नंतर गमतीनं सांगितलंय की आवरणाची साइज विचारली की जो तो मोठीच मागायचा, आणि मग ती गळायची! हसू येतं, पण आपल्या मेडिकलमध्ये आजही तेच चालतं. मापाची पट्टी कुणी दाखवत नाही, "एकच साइज आहे" म्हणून हातात देतात. ढिली बसली तर गळते, घट्ट बसली तर कातडी सोलते. ज्याला खाली संवेदनाच नाही त्याला सोललेलं कळत नाही. घरची माणसं मग वरून रबरबँड नाहीतर दोरा बांधतात. कृपा करून असं करू नका. रक्तपुरवठा बंद होऊन अवयव काळा पडू शकतो.

पिशवीचे दोन प्रकार. दोन लिटरची मोठी, कॉटला अडकवायची, रात्रीसाठी. आणि पाच-साडेसातशे मिलीची छोटी, पट्ट्यानं मांडीला किंवा पोटरीला बांधायची. वरून पँट, लुंगी, काहीही घाला, दिसत नाही. खाली तोटी असते, भरली की कुठंही मोकळी करता येते. ही छोटी पिशवी म्हणजे खरं तर बाहेर पडायचा पास. आपल्याकडं बहुतेकांना माहीत आहे ती मोठीच. ती हातात धरून, नाहीतर पिशवीत लपवून माणूस एसटीत कसा चढणार? पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे, मांडीवर घेऊन बसायचं नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. मणका वर, मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मोडला असेल तर पीळ पडून लघवी तुंबल्यावर एकदम डोकं ठणकतं, घाम फुटतो, बीपी चढतं. ते जीवावर बेतू शकतं. आधी नळी बघायची, मोकळी करायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

इथं आमच्या गावातल्या एका जॉबरचं सांगायला पाहिजे. जॉबर म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा, हे बाहेरच्या वाचकांसाठी. आयुष्य कारखान्यात गेलं. माळ्यावरून पडून कंबर गेली. लघवीची जाणीव होती, पण उठता येत नव्हतं. घर दोन खोल्यांचं, न्हाणी मागल्या बाजूला. दवाखान्यातून आणलेलं प्लॅस्टिकचं भांडं हातातून सटकायचं, अंथरूण भिजायचं. अण्णांनी पाच लिटरचा तेलाचा कॅन घेतला. तोंड तिरकं कापलं, कापलेल्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली म्हणजे टोचणार नाही. कॅनला मूठ आयतीच. खालच्या बाजूला वजनाला मागाचा एक जुना तुकडा तारेनं बांधला, म्हणजे कलंडणार नाही. मला दाखवत म्हणाले, "पाय गेलं त्याचं एवढं काय न्हाई वाटलं. पर रातचं दमून झोपलेल्या पोराला हाक मारून उठवायचं, त्ये मारून टाकत होतं बगा."

डिझाइन शिकवणाऱ्यानं यापेक्षा वेगळं काय सांगायचं? पकडायला मूठ, मऊ कड, तोल, झोपल्या झोपल्या बसणारा कोन, आणि सगळ्यात आधी हा प्रश्न की माणसाला नेमकं काय छळतंय. भांडं बनवणाऱ्या कंपनीनं दवाखान्यातली कॉट आणि शेजारची नर्स धरलेली असते. आपल्या घरात खाली टाकलेली सतरंजी असते आणि शेजारी दुसऱ्या पाळीला जाणारा पोरगा.

हे सगळं झालं पुरुषांचं. बायकांचं काय?

इथं इतिहास एकदम गप्प होतो. सैन्य पुरुषांचं, अंतराळवीर पुरुष, म्हणून साधनं पुरुषांची. बायकांच्या शरीराला बाहेरून आवरण बसवायला जागा नाही, हे खरं. पण अवघड आहे म्हणून सोडून दिलं, असंही झालं. युरोपात अठराव्या शतकात श्रीमंत बायका झग्याखाली धरायचं होडीच्या आकाराचं चिनीमातीचं भांडं वापरायच्या. अमेरिकेत एडिथ लेसी या बाईंनी उभं राहून वापरायच्या कागदी साधनाचं पेटंट १९२२ मध्ये मिळवलं. अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड १९८३ मध्ये गेली तेव्हा महिलांसाठी शोषून घेणारी चड्डी बनवली, आणि गंमत म्हणजे पुढं पुरुष अंतराळवीरही तसलीच वापरायला लागले. आपल्याकडं गेल्या दहा-बारा वर्षांत प्रवासात वापरायचे कागदी फनेल ऑनलाइन मिळू लागलेत. पण ते उभं राहू शकणाऱ्या बाईसाठी. खुर्चीतून उठताच न येणाऱ्या बाईला त्याचा उपयोग जवळपास नाही. परदेशात अलीकडं मऊ वातीसारखं साधन आलंय, ते पायांच्या मधे ठेवायचं आणि छोटा पंप लघवी ओढून घेतो. पण त्याला मशीन लागतं, वीज लागते आणि पैसे तर लागतातच.

मग आमच्याकडच्या बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. प्रमाणपत्राच्या तपासणीला जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून घोटभर सुद्धा नाही. लग्नाला जायचं नाही, माहेरी जायचं नाही. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, संसर्ग होतो, खडे होतात. म्हणजे ज्या त्रासाला भिऊन पाणी सोडलं तोच वाढतो. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावानं बायकांच्या मुतारीसाठी चळवळ झाली, तिनं हा शब्द पेपरच्या पहिल्या पानावर आणला. पण उंबऱ्याच्या आत अडकलेली बाई त्या रांगेतही उभी राहू शकत नाही.

आता पैशाचा हिशोब करू. मोठ्यांचा एक डायपर साधारण पस्तीस रुपये धरा. दिवसाला तीन. महिन्याला ३,१५० रुपये. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० केलं, तेही यात पुरत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात, एकदाच. त्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, काठी, वॉकर, पट्टा आहे, कमोड खुर्ची सुद्धा आहे. लघवीची पिशवी त्यात नाही. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी बायकांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये गेला. डायपर १२ टक्क्यांतच राहिले, ते ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. ज्यांच्यासाठी ते आहेत ती माणसं मोर्चाला येऊ शकत नाहीत, हे त्याचं साधं कारण.

आणि हे सगळं मी इचलकरंजीत बसून लिहितोय. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि गाव कापडावर उभं राहिलं. डायपर म्हणजे शेवटी काय? वरचा थर न विणलेल्या कापडाचा, ज्याला नॉनवोव्हन म्हणतात. मधे लघवीसारख्या खारट द्रवात आपल्या वजनाच्या तीसेक पट शोषणारी पावडर. खाली पाणी न जाणारा पापुद्रा. नॉनवोव्हनचं सेंटर ऑफ एक्सलन्स आपल्याच राजवाड्यातल्या डीकेटीई कॉलेजचं आहे. सुती कापड आपलं, शिलाई मशीन घरोघरी, बचत गट गल्लोगल्ली. धुऊन परत वापरता येईल असं पॅड, मांडीला पिशवी बांधायचा मऊ सुती पट्टा, खुर्चीत बसल्या बसल्या बाजूनं उघडणारी सलवार किंवा परकर, या गोष्टी या गावाला अवघड नाहीत. कुणी मागितल्या नाहीत, एवढंच.

म्हणून या ३ डिसेंबरच्या आधी मागून ठेवतो. महापालिका असो की ग्रामपंचायत, उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातून खुर्चीबरोबर एक पिशवी द्या. पुरुषांसाठी मापाची आवरणं, दिवसाची छोटी पिशवी, रात्रीची मोठी. बायकांसाठी बसून वापरायचं भांडं आणि धुण्याजोगी पॅड. एका नर्सताईनं घरी जाऊन कसं लावायचं, कसं धुवायचं, ताप आला तर काय करायचं, हे एकदा समजावावं, आणि बायकांना बाईनंच सांगावं. शे-दीडशेची पिशवी आहे, व्हीलचेअरच्या किमतीपुढं काहीच नाही. आणि डीकेटीईच्या पोरापोरींना प्रोजेक्टला विषय हवाच असतो. गावातल्या खुर्चीतल्या चार बायकांशी बसून बोला आणि त्यांच्यासाठी काहीतरी बनवून दाखवा. जगात अजून कुणाला ते धड जमलेलं नाही.

तोवर आपल्यापुरतं एक करता येईल. घरात, गल्लीत कुणी अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेलं असेल तर "जेवलात का" विचारतो तसं "लघवीची सोय नीट आहे का" हेही विचारा. पहिल्यांदा दोघांनाही अवघड वाटेल. ते दिवसभर पाणी पितात का, एवढं तरी बघा. आणि कुणी अण्णांसारखं घरच्या घरी काही बनवलं असेल तर मला कळवा. नाव न छापता लिहितो.